अपघाती मृत्यूनंतर भरपाईचा दावा करताना या चुका टाळा

घरातला कर्ता माणूस अपघातात गेला की गावाकडे भरपाईचा विषय काढणेही अनेकांना जड जाते. ‘माणूसच गेला, आता पैसे घेऊन काय करायचे?’ हे बोलणे खऱ्या दुःखातून येते आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. परंतु त्या माणसाच्या कष्टावर जगणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांचे, पत्नीचे आणि मुलांचे पुढे कसे चालायचे, हा प्रश्न दिवसकार्य आटोपल्यावरही तसाच उभा असतो. कायदा भरपाई ठरवताना मुख्यतः त्याच प्रश्नाकडे पाहतो. दुर्दैव असे की, हा दावा ज्या कागदांवर टिकतो ते बहुतेक कागद पहिल्या काही दिवसांतच, घर शोकात बुडालेले असताना तयार होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पोलिसांना न कळवता किंवा शवविच्छेदन न करता अंत्यसंस्कार उरकणे. ‘देहाची विटंबना नको’ या भावनेने सर्पदंश, विजेचा धक्का किंवा विहिरीत पडून झालेल्या मृत्यूंत असे विशेषतः घडते. मृत्यूचे कारण सांगणारा अहवाल नसेल, तर पुढे विमा कंपनी आणि शासकीय कार्यालय दोघेही अपघात झाल्याचेच नाकारू शकतात. पोलीस पाटलांमार्फत ठाण्यात खबर द्यावी, इन्क्वेस्ट पंचनामा (मृतदेहाच्या पाहणीची नोंद) आणि स्थळ पंचनामा होऊ द्यावा आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करून घ्यावी. आधार, शिधापत्रिका, सातबारा आणि बँकेचे पासबुक यांत मृताचे नाव वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले असणे ही गावोगावची अडचण आहे. ती दावा दाखल होण्यापूर्वीच प्रतिज्ञापत्राने दूर केलेली बरी.

फिर्याद कोण देतो आणि तीत काय लिहिले जाते, याकडेही दुर्लक्ष होते. घाईत दिलेल्या जबाबात मृताचीच चूक असल्यासारखे लिहिले गेले, तर समोरच्या वाहनाची विमा कंपनी तोच कागद पुढे करते. सही करण्यापूर्वी जबाब पूर्ण वाचून घ्यावा आणि वाचता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाकडून वाचवून घ्यावा. वाहन ठोकर देऊन पळून गेले असेल, तर ‘गाडीच सापडली नाही, आता कोणावर दावा करणार’ असे समजून गप्प बसू नये. अशा मृत्यूसाठी २०२२ च्या केंद्रीय योजनेत २ लाख रुपयांची तरतूद असून अर्ज तालुका पातळीवरच्या महसूल अधिकाऱ्याकडे करायचा असतो.

मुदतीचा प्रश्न अधिक कठीण आहे. मोटार वाहन कायद्यातील सुधारणेनुसार १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ खालील, म्हणजे वाहन अपघाताच्या भरपाईचा, दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असल्यामुळे उशीर झालेल्या कुटुंबानेही परस्पर आशा न सोडता वकिलाला विचारावे. मात्र वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबू, असे कोणीही ठरवू नये. अपघात दूरच्या जिल्ह्यात झाला म्हणून तिकडे खेटे घालण्याचीही गरज नाही, कारण अर्जदार जिथे राहतो तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो.

शेतकरी कुटुंबांचे सर्वाधिक नुकसान होते ते उत्पन्नाच्या पुराव्यापाशी. सातबारा जोडला की काम झाले, असा समज आहे. पण न्यायाधिकरण म्हणते की जमीन तर वारसांकडेच राहिली, मग बुडाले ते काय? बुडाले ते त्या माणसाचे राबणे आणि देखरेख, आणि तेच सिद्ध करावे लागते. त्यासाठी दूध संस्थेची बिले, साखर कारखान्याच्या उसाच्या पावत्या, बाजार समितीतील हिशेबपट्ट्या, बँकेचे उतारे आणि मृत्यूनंतर त्याच कामासाठी ठेवलेल्या गड्याच्या मजुरीचा हिशेब उपयोगी पडतो. महिन्याला तीन हजारांच्या फरकाने काय होते ते पाहा. मृत ३५ वर्षांचा, स्वतःची शेती करणारा आणि मागे चार अवलंबित असतील, तर सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे वार्षिक उत्पन्नात भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवतात, स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करतात आणि उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने, इथे १६ ने, गुणतात. मासिक उत्पन्न १२ हजार धरले तर ही रक्कम २४,१९,२०० रुपये होते आणि १५ हजार सिद्ध झाले तर ३०,२४,००० रुपये होते. ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या पावत्यांचे मोल एवढे आहे.

मृत व्यक्ती गृहिणी असेल तर ‘ती काही कमावत नव्हती’ असे अर्जात लिहिणे अन्यायाचे आहे आणि कायद्याच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. तिच्या घरकामाचे मूल्य धरूनच भरपाई ठरवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

दाव्याव्यतिरिक्तचे हक्क नजरेआड होतात, हेही तितकेच खरे. पासबुकात वर्षाला २० रुपयांची कपात दिसली, तर ती बहुधा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची असते आणि अपघाती मृत्यूनंतर तीतून २ लाख रुपये मिळतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही २ लाख रुपये मिळतात, मात्र प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जावा लागतो. तुटलेल्या विद्युत तारेने मृत्यू झाला असेल, तर वीज कंपनीची चूक सिद्ध करता येणार नाही म्हणून हार मानू नये. अशा धोकादायक कामात निष्काळजीपणा सिद्ध न करताही कंपनी जबाबदार ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटले आहे. विद्युत निरीक्षकाच्या अहवालाची प्रत मात्र जरूर मिळवावी.

मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवून दावा ‘घेणाऱ्या’ मध्यस्थांपासून दूर राहावे आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणे वा रकमेत वाटा मागणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना १९८७ च्या कायद्याप्रमाणे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी.

सासरच्यांनी विधवा सुनेचे नाव अर्जातून वगळण्याचे प्रकार घडतात आणि ते मनाला फार लागतात. ती पुढे पुनर्विवाह करील, हे कारण त्यासाठी पुरत नाही. पुनर्विवाह केला तरी पत्नीचा भरपाईचा हक्क जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले आहे. पत्नी, मुले आणि आईवडील या सर्वांची नावे पहिल्याच अर्जात असावीत.

शेवटी तडजोडीबद्दल. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते, हा मोठा दिलासा आहे. परंतु तेथील निवाड्याविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणून देऊ केलेली रक्कम वर दाखवलेल्या पद्धतीने मोजून पाहावी, ती पटत नसेल तर पुढची तारीख मागून घ्यावी, आणि अल्पवयीन मुलांचा वाटा त्यांच्या नावे मुदत ठेवीत राहील याची नोंद तडजोडीच्या कागदावर आहे हे पाहूनच सही करावी.