टर्बो हॅचबॅकला स्पार्क प्लग कुठला घ्यायचा आणि गॅप किती ठेवायची

चौथ्या-पाचव्या गिअरला कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी ओढायच्या ऐवजी झटके देते, आयडलला मात्र काहीच त्रास नाही, असं होत असेल तर बरेच जण थेट कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग) बदलायला निघतात. थांबा. आधी प्लग काढा आणि गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं (इलेक्ट्रोडमधलं) अंतर, मोजा, कारण टर्बो गाडीत या लक्षणामागे बऱ्याचदा वाढलेली गॅपच निघते, आणि ते तपासायला फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) सोडून काहीच लागत नाही.

असं का होतं ते एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, एक म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर आणि दुसरं म्हणजे त्या क्षणी सिलिंडरमध्ये किती प्रेशर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनात १.० ते १.१ मिमी गॅप आरामात चालते. टर्बो हवा कोंबतो, प्रेशर वाढतं, पण कॉइलची ताकद वाढत नाही, मग फुल बूस्टला (टर्बो पूर्ण जोरात हवा कोंबत असताना) ठिणगी पडतच नाही आणि मिसफायर होतो. म्हणून अंतर कमी करायचं. कंपनी सेटिंगवरच्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांना साधारण ०.७ ते ०.८ मिमी असते, रिमॅप करून (ईसीयू म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) बूस्ट वाढवला असेल तर ०.६ ते ०.६५ पर्यंत उतरतात. त्याच्या खाली उगाच जाऊ नका, ठिणगी फारच छोटी पडते, मिश्रण नीट पेटत नाही आणि आयडल खडबडीत होतो. माझं मत विचाराल तर गाडी स्टॉक (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) असेल तर मॅन्युअलमधला आकडा हाच शेवटचा शब्द, आणि रिमॅप असेल तर ट्यूनरने सांगितलेला. ऑनलाइन कुणीतरी दुसऱ्याच इंजिनाचा आकडा टाकलेला असतो तो घेऊ नका.

आता प्लग निवडताना. आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, पान्याचा साइज आणि बसायची पद्धत म्हणजे वॉशरवाला की निमुळता, हे चारही तंतोतंत जुळलं पाहिजे, यात जवळपास नावाचा प्रकार नाही. लांब आट्यांचा प्लग पिस्टनला लागू शकतो. कोड वाचायला शिका, उदाहरणार्थ एनजीकेचा बीकेआर७ईआयएक्स घ्या: बी म्हणजे १४ मिमी आटे, के म्हणजे १६ मिमीचा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर (विद्युत गडबड दाबणारा भाग), ७ ही हीट रेंज, ई म्हणजे १९ मिमी लांबी, आयएक्स म्हणजे इरिडियम. शेवटी डॅश ११ असेल तर तो १.१ मिमी गॅपवर येतो. रेझिस्टर नसलेला प्लग आजकालच्या गाडीत टाकूच नका, रेडिओत खरखर येते ती येतेच, वर ईसीयू आणि सेन्सरच्या सिग्नलमध्ये गडबड होऊ शकते.

हीट रेंजवरून खूप घोळ होतो. गरम प्लग म्हणजे जास्त गरम ठिणगी असं अजिबात नाही. टोकाची उष्णता किती पटकन हेडकडे जाते एवढंच त्यात आहे, पटकन गेली तर थंड प्लग. टोक साधारण ४५० डिग्रीच्या खाली राहिलं की काजळी धरते, ८७० च्या वर गेलं की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं आणि मग पिस्टनचं काही खरं नाही. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये बरोब्बर उलटं, त्यामुळे ब्रँड बदलताना आकड्यावर आकडा जुळवू नका, क्रॉस रेफरन्स बघा (एनजीकेचा ७ म्हणजे डेन्सोचा २२). पॉवर बऱ्यापैकी वाढवली असेल तर एक पायरी थंड प्लग ठीक आहे, पण स्टॉक गाडी, रोजचं ट्रॅफिक आणि थंड प्लग हे जमत नाही, काजळी धरून तोच मिसिंगचा त्रास परत सुरू.

मटेरियल पटकन सांगतो. निकेलवाला स्वस्त पण लवकर झिजतो आणि टर्बोत तर अजून लवकर, इरिडियम टिकतो आणि बारीक टोकामुळे ठिणगीला व्होल्टेजही कमी लागतं. मी टर्बोला इरिडियमच घेईन.

गॅपिंग. डब्यावर प्री-गॅप्ड लिहिलेलं असलं तरी प्रत्येक प्लग मोजा, वाहतुकीत एखादा आपटलेला असतो. ते नाण्यासारखं गोल गेज येतं ना, कडेने घुसवून फिरवायचं, ते इरिडियमला वापरू नका, मधलं टोक अर्ध्या मिमीच्या आसपास जाड असतं आणि बाजूने जोर पडला की तुटतं. वायर गेज किंवा फीलर वापरा. वाकवायचा तो फक्त वरचा आकडा, म्हणजे मधल्या टोकावर वाकलेला दुसरा इलेक्ट्रोड, मधल्या टोकाला काहीही टेकवायचं नाही. गॅप कमी करायची असेल तर प्लग सरळ धरून वरच्या आकड्याची पाठ कठीण सपाट जागेवर अगदी हलकेच टेकवा, मोजा, परत टेकवा, मोजा. पाती किंचित घासत गेली पाहिजे, ०.७ ची जाते आणि ०.७५ ची अडकते म्हणजे बरोबर. वाढवायची असेल तर गॅपिंग टूलच्या खाचेत आकडा धरून उचला. इरिडियममध्ये ०.२ मिमीपेक्षा जास्त बदल करायची वेळ येत असेल तर प्लगच चुकीचा घेतलाय, योग्य गॅपचा आणा. असे दोन-तीन वाकलेले इलेक्ट्रोड असलेल्या प्लगची गॅप बदलायचीच नाही.

बसवताना इंजिन थंड हवं. काढायच्या आधी खाचेतली धूळ हवेने उडवा नाहीतर सगळी सिलिंडरमध्ये जाते. नवीन प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवा, अडकला तर मागे घ्या, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की मोठं काम निघतं. १४ मिमी वॉशरवाल्याला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०, पण मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा. टॉर्क पाना नसेल तर नवीन वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, निमुळत्याला फक्त एक सोळांश. आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ते वंगण) लावू नका, घर्षण कमी होऊन प्लग जास्त आवळला जातो.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. फिकट तपकिरी म्हणजे सगळं ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग थंड, ओलसर तेलकट म्हणजे ऑइल येतंय. बाहेरच्या चिनी मातीवर धातूच्या लगेच वर तपकिरी रिंग दिसली तर घाबरू नका, ती नॉर्मल आहे. पण आतल्या पांढऱ्या टोकावर मिरपुडीसारखे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकणारे कण दिसले तर ते नॉकिंगचं (मिश्रण सिलिंडरमध्ये आपोआप स्फोटासारखं पेटण्याचं) लक्षण आहे, नवीन प्लग टाकून विषय संपवू नका, फुल बूस्ट मारणं बंद करा आणि पेट्रोलचं ऑक्टेन, रिमॅप, इंटरकूलर हे सगळं तपासून घ्या.