टर्बोचार्जर घरी घडवावा का? लेथपाशी उभे राहण्यापूर्वीचा विचार

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागाचे सुटे भाग कातून देणारे कसबी टर्नर आहेत आणि गाड्यांचे वेड असलेली मुलेही पुष्कळ आहेत. त्यामुळे ‘लेथ आहे, ॲल्युमिनियमचा ठोकळा मिळतो, मग टर्बो घरीच का करू नये’ असा प्रश्न येथे सहज निघतो. माझे उत्तर असे की टर्बोचा फिरता गाभा घरी करू नये. त्याच्या भोवतीचे काम करता येते आणि तेही वाटते तितके सोपे नाही.

टर्बोची रचना कागदावर सोपी दिसते. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर टर्बाइनचे चाक फिरवतो आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचे कॉम्प्रेसरचे चाक बाहेरची हवा ओढून दाबाने इंजिनात भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. प्रवासी मोटारींत ती १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर यांच्याबरोबर आली. जहाजे आणि विमाने यांना टर्बो त्याआधीच लागले होते, पण मोटारीच्या बॉनेटखाली मावेल इतक्या लहान आकारात तो टिकवणे ही वेगळी अडचण होती.

लहान मोटारीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेतो. आपल्या कानांना सवय असलेल्या साध्या यंत्रमागाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या आत असतात. दीड लाख फेऱ्यांवर, शाफ्टच्या मध्यापासून एक सेंटिमीटरवर, केवळ ०.१ ग्रॅम वजन जास्त राहिले तरी ते शाफ्टला सुमारे २५ किलोच्या भाराइतक्या जोराने बाहेर ओढते आणि ही ओढ सेकंदाला २,५०० वेळा गोल फिरते. शाफ्ट तरंगतो तो बुशमधल्या (त्याला आधार देणाऱ्या कड्यातल्या) तेलाच्या पातळ थरावर, जिथे मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. दोन पात्यांच्या धारेवर शाफ्ट ठेवून केलेले बॅलन्सिंग येथे कामाचे नाही. त्यासाठी खास यंत्र लागते. शिवाय पेट्रोल इंजिनाच्या धुराचे तापमान ९५० अंशांच्या वर जाऊ शकते, म्हणून टर्बाइनचे चाक निकेलच्या मिश्रधातूचे ओतून पोलादी शाफ्टला घर्षणाने किंवा इलेक्ट्रॉन झोताने जोडलेले असते. हा जोड गॅरेजमधल्या वेल्डिंगने होत नाही, आणि चाक फुटले तर तुकडे कवच भेदून शेजारच्या इंधनाच्या नळीपर्यंत जाऊ शकतात.

‘तयार टर्बो आणून माझ्या साध्या पेट्रोल गाडीला बसवतो’ असे म्हणणाऱ्याने आधी हवेचे गणित करावे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि मे महिन्यात हवा ४० अंशांच्या वर जाते. अशी हवा दीडपट दाबली की ती १०० अंशांच्या घरात तापते, म्हणजे ही दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर हवाच. बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात मिश्रण मुळातच सुमारे दहापट दाबले जाते. त्यात जास्तीची गरम हवा कोंबली तर ते वेळेआधी भडकते, इंजिन ठोके देते आणि पिस्टन फुटतो. मग इंजेक्टर, पंप आणि ईसीयूचे (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे) प्रोग्रामिंग सगळेच बदलावे लागते. कायदाही आड येतो: मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरफार करता येत नाही, आणि कलम १८२ ए नुसार मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीही अपघातानंतर हाच मुद्दा काढू शकते.

हाताला खरे काम मिळते ते टर्बो खराब झालेल्या डिझेल गाडीवर. हवेची नळी काढून चाक बोटांनी हलवावे. आडवी थोडी हालचाल स्वाभाविक आहे. पण चाक कवचाला घासत असेल किंवा पुढे-मागे होणारी हालचाल बोटांना स्पष्ट जाणवत असेल, तर गाभा संपला. त्या जागी बॅलन्स केलेले तयार कार्ट्रिज, म्हणजे चाके आणि शाफ्ट जोडलेला नवा गाभा, आणावे आणि ते बसवण्याआधी जुने का गेले ते शोधावे, कारण बहुतेक टर्बो तेल न पोहोचल्याने किंवा घाण तेलाने मरतात. तेल आणि फिल्टर नवे घ्यावेत आणि तेल आणणारी नळी बदलावी. तेलाच्या फ्लँजला, म्हणजे नळी जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीला, सिलिकॉन लावू नये. त्याचे तुकडे सुटून वाट बुजवतात.

टर्बोतले तेल इंजिनात परत नेणाऱ्या, म्हणजे परतीच्या नळीने मला एकदा चांगलेच फसवले आहे. जागा नव्हती म्हणून मी तिला खाली झोळ देऊन पुन्हा वर नेले होते. निळा धूर येऊ लागला, मी सील गेले असे समजून दुसरे कार्ट्रिज आणले, आणि त्यानेही धूरच काढला. टर्बोतून तेल केवळ उताराने खाली येते. ते तुंबले की सीलमधून वाट काढते. नळी रुंद ठेवावी आणि तिला सलग उतार द्यावा. अशा नळ्या, इंटरकूलरच्या पाइपांचे कंस आणि उष्णतेचे आडपडदे मात्र आपल्याकडचा टर्नर आणि वेल्डर उत्तम करून देतात.

बसवल्यावर तेलाच्या भोकातून स्वच्छ तेल घालून चाक हाताने फिरवावे. इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करून थोडा वेळ स्टार्टर मारावा आणि मगच इंजिन सुरू करून काही मिनिटे रेस न देता चालू ठेवावे. पहिली चाचणी तुळजापूरच्या घाटात घ्यावी. वर पोहोचल्यावर लगेच किल्ली न फिरवता मिनिटभर इंजिन चालू ठेवावे, मग ते बंद करून बॉनेट उघडावे आणि परतीच्या नळीचे दोन्ही जोड टॉर्चच्या उजेडात पाहावेत.