इटालियनमध्ये आभार कसे मानावेत: सुरुवात चाळीतल्या 'च'पासून

आधी उच्चार पक्का करा. शब्द आहे 'ग्रात्सिए'. नवखे लोक शेवटचा 'ए' गिळून 'ग्रात्सी' म्हणतात आणि तिथेच उघडे पडतात. यातला 'त्स' आपल्याला घरबसल्या मिळालाय: 'चाळ', 'चमचा' यांतला च तोच हा. 'चहा'तला नव्हे. जोर 'ग्रा'वर द्या.

मग माप ठरवा. कॉफी समोर आली की नुसतं ग्रात्सिए पुरे. कुणी स्वतःची वाट वाकडी करून स्टेशनापर्यंत सोडलं तर 'ग्रात्सिए मिल्ले', म्हणजे हजार आभार. ल 'गल्ली'सारखा जोडून. 'ग्रात्सिए तान्ते'चाही अर्थ 'खूप आभार', पण सूर जरा तिरका लागला की ते 'मोठे उपकार झाले!' होतं. नवशिक्यानं मिल्लेच धरावं. पाहुणचार घेऊन निघताना 'ग्रात्सिए दि तुत्तो', सगळ्याबद्दल.

आता समोर कोण आहे ते बघा. मित्राला 'ति रिंग्रात्सियो', डॉक्टरांना किंवा घरमालकांना 'ला रिंग्रात्सियो'. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखंच. गंमत म्हणजे हा 'ला' ज्याचं रूप, त्या आदरार्थी सर्वनाम 'लेइ'चा एरवीचा अर्थ 'ती', आणि ते मिशीवाल्या आजोबांनाही चालतं.

वाढणाऱ्याला थांबवायचं असेल तर 'नो, ग्रात्सिए' असं पूर्ण म्हणा. 'नो' राहिला की पुन्हा पास्ता पडलाच म्हणून समजा.

तुमचे कुणी आभार मानले तर उत्तर 'प्रेगो'. मूळ क्रियापद विनवण्याचं, त्यामुळे 'आत या', 'आधी तुम्ही', 'बोला, काय देऊ?' या सगळ्यालाही हाच शब्द. दारात प्रेगो ऐकू आलं तर आपण आभार कधी मानले, असा विचार करत उभे राहू नका, आत जा. मित्राला 'फिगूराति' म्हणा, म्हणजे 'छे रे, त्यात काय!' वडीलधाऱ्यांना 'सि फिगूरि'. दोन्हींत जोर 'गू'वर.

एका जागी मात्र जीभ आवरायची. परीक्षेला निघालेल्याला इटालियन माणूस म्हणतो, 'इन बोक्का आल लूपो', लांडग्याच्या तोंडात जा! ही शुभेच्छाच आहे, पण तिला ग्रात्सिए म्हणणं अपशकुनी मानतात. रूढ उत्तर 'क्रेपि', मरो तो लांडगा. हल्ली काहीजणांना लांडग्याची दया येते. ते म्हणतात, 'विवा इल लूपो', लांडगा चिरायू होवो.