फील्डवर निघण्याआधी बायकोचं नाव तपासा

घरातल्या जवानाला फील्ड पोस्टिंगचा, म्हणजे सीमेवरच्या किंवा अशांत भागातल्या तैनातीचा, हुकूम आला की इंदूरच्या मराठी घरात आधी चिवड्या-लाडवांचे डबे भरायला घेतात. डबे होतीलच. त्याची रजा संपायच्या आत कागद काढा.

बायकोचं आधार, पॅन, पासबुक, लग्नाचा दाखला आणि सर्व्हिस रेकॉर्डमधली नोंद शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्यात लग्नानंतर स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव असं तिहेरी नाव होतं. मार्कशीटवर माहेरचं राहतं आणि इकडच्या हिंदी फॉर्मांत मधलं नाव गळतं. कागदावर एकीच्या तिघी होतात, आणि पेन्शन तिथेच अडते. तो नोकरीत असताना दुरुस्ती युनिटच्या क्लार्ककडून ‘पार्ट टू ऑर्डर’ने, म्हणजे सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बदल नोंदवणाऱ्या युनिटच्या आदेशाने, होते. नंतर तीच फाइल रेकॉर्ड ऑफिस, प्रतिज्ञापत्र अशी फिरते. लग्न आणि प्रत्येक मुलाचा जन्म यांच्या पार्ट टूचा नंबर व तारीख वहीत लिहून ठेवा.

मग नॉमिनेशन. ग्रुप इन्शुरन्स, प्रॉव्हिडंट फंड, बँक, तिन्ही वेगवेगळी. भरतीच्या वेळी आईचं नाव घातलेलं असतं. लग्न झालं म्हणून ते आपोआप बदलत नाही. वाटे ठरवायचे तर आई आणि बायको दोघींसमोर ठरवा, नाहीतर तेराव्यानंतर तोच वाद उभा राहतो. फॅमिली पेन्शन मात्र नॉमिनेशनवर ठरत नाही, तिथे पहिला हक्क पत्नीचा.

वाईट घडलंच तर मृत्यूची नोंद कोणत्या प्रकारात झाली त्याची लेखी प्रत मागा. साधारण फॅमिली पेन्शनचा मूळ दर शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, सेवेमुळे मृत्यू आल्यास स्पेशल 60, शत्रूशी लढताना आल्यास लिबरलाइज्ड 100. फरक एवढा मोठा असल्याने नुसत्या तोंडी आश्वासनावर राहू नका. अर्ज भरायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत होते.

पत्रावर नंबर, रँक, नाव, युनिट आणि 56 किंवा 99 एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) एवढंच. गावाचं नाव नको. फोनची वेळ ठरवू नका. एक फोन चुकला की घर रात्रभर जागं राहतं.

परतल्यावर पहिले काही आठवडे झोपेतून हलवून उठवू नका, पायथ्याशी उभं राहून हाक मारा. दिवाळीचे फटाके, राजवाड्यावरची रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) यांना ‘चल की’ म्हणून ओढू नका. ‘तिकडे काय पाहिलंस?’ हेही विचारू नका. तो बोलेल तेव्हा ऐका. दचकणं, झोपमोड, दारू, संताप महिन्याहून जास्त टिकलं तर महूचं मिलिटरी हॉस्पिटल जवळ आहे. मेडिकल कॅटेगरी (लष्करातली तब्येतीची श्रेणी) खाली जाईल या भीतीने तो टाळेल. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा: मोफत, चोवीस तास, युनिटला विचारावं लागत नाही. बायकोनेही लावावा, तिचीही झोप उडालेली असतेच.