रसायनाच्या पिंपावरचे, बाटलीवरचे आणि टँकरवरचे धोक्याचे लेबल कसे वाचावे

जळगाव एमआयडीसीतले थिनरचे पिंप, रावेरच्या कृषी सेवा केंद्रातली तणनाशकाची बाटली आणि नवापूरहून धुळ्याकडे निघालेला टँकर, तिन्हींवर धोक्याची खूण असते. पण या खुणा तीन वेगळ्या नियमांतून आल्या आहेत. एकीकडचा अर्थ दुसरीकडे लावला की घोटाळा होतो. थिनरच्या पिंपावर 'डेंजर' हा सर्वांत वरच्या पायरीचा शब्द आहे, कीटकनाशकाच्या बाटलीवर तोच शब्द तिसऱ्या पायरीचा. १ हा आकडा एका पद्धतीत सर्वांत घातक, तर दुसरीत किरकोळ. म्हणून वाचायला लागण्याआधी लेबल कोणत्या पद्धतीचे आहे ते ठरवा.

पायरी १ : पद्धत ओळखा

कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, लाल चौकट, आत पांढऱ्यावर काळे चित्र: ही जीएचएस, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची जागतिक पद्धत. तिची पहिली आवृत्ती २००३ मध्ये निघाली. आयात मालावर आणि मोठ्या उत्पादकांच्या पिंपांवर सहसा हीच दिसते.

चौकोन तसाच, पण लाल चौकटीऐवजी वर्गानुसार रंग आणि खालच्या कोपऱ्यात १ ते ९ पैकी एक आकडा असेल तर तो वाहतुकीचा वर्ग. हा आकडा धोक्याचा प्रकार सांगतो, तीव्रता नाही. ३ म्हणजे ज्वलनशील द्रव, ८ म्हणजे अंग जाळणारे. यावरून ८ हे ३ पेक्षा वाईट असे काही ठरत नाही.

चौकोनाचे आडवे दोन भाग, वर शब्द आणि खाली नुसता रंग, ही कीटकनाशकाची भारतीय खूण. आणि निळा, लाल, पिवळा, पांढरा असे चार खण असतील तर ती एनएफपीए ही अमेरिकी पद्धत, जी टाक्यांवर आणि गोदामाच्या दारावर रंगवलेली असते. निळा खण आरोग्याचा, लाल आगीचा, पिवळा अस्थिरतेचा. आकडे ० ते ४, आणि ४ सर्वांत वाईट. जीएचएसमध्ये नेमके उलटे आहे: श्रेणी १ सर्वांत वाईट. एकाच शेडमध्ये दोन्ही पद्धती असतील तर भिंतीवर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. नव्या कामगाराची चूक हमखास इथेच होते.

पायरी २ : चित्र नीट बघा

जीएचएसची चित्रे नऊ. फुटणारा बाँब, गॅस सिलिंडर आणि मेलेला मासा व वठलेले झाड ही तीन कोणालाही कळतात. हातावर आणि धातूवर थेंब पडून ते झिजताना दिसतात, ते चित्र कॉस्टिक आणि ॲसिडचे. गफलत होते ती पुढच्यांत.

नुसती ज्योत म्हणजे माल स्वतः पेटतो. वर्तुळावर ज्योत म्हणजे ऑक्सिडायझर: तो दुसऱ्याला पेटवतो आणि आग भडकवतो. हे दोन एका फळीवर ठेवू नयेत. ग्रामपंचायतीच्या खोलीत पाणी शुद्धीकरणाची टीसीएल पावडर असते, ती याच दुसऱ्या जातीची. शेजारी डिझेलचा कॅन, जुनी बारदाने आणि संडास धुण्याचे ॲसिड ठेवलेले बऱ्याच ठिकाणी दिसते. टीसीएलवर ॲसिड सांडले तर क्लोरीन वायू सुटतो. पावडर कोरड्या जागी, जमिनीपासून उंच फळीवर आणि ॲसिड दुसऱ्या खोलीत, एवढे केले तरी मोठा धोका टळतो.

कवटी म्हणजे थोड्या मात्रेत लगेच घात. उद्गारचिन्ह म्हणजे त्यापेक्षा सौम्य त्रास: चुरचुरणे, गुंगी, गिळल्यास अपाय. आणि माणसाच्या छातीवर चांदणी फुटलेली असते, ते चित्र सर्वांत दुर्लक्षित. ते कर्करोग, गर्भाला अपाय, अवयवांवर हळूहळू होणारा परिणाम यांसाठी आहे. मात्र याच चित्रात एक तातडीचा धोकाही बसतो. रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन यांवर ते बहुधा लेबलवरच्या 'एच३०४' या इशाऱ्याच्या ओळीमुळे (अशा ओळी पायरी ३ मध्ये) येते: गिळल्यावर द्रव श्वासनलिकेत गेल्यास प्राणघातक. पोराने रॉकेल प्यायले की मीठपाणी पाजून उलटी काढायची, ही आपल्याकडची जुनी रीत इथे जीवघेणी ठरते. द्रव पातळ असतो, उलटीबरोबर वर येताना तो फुप्फुसात उतरतो. अशा लेबलवर 'पी३३१', म्हणजे उलटी करवू नका, असे छापलेलेच असते. डबा किंवा लेबलचा फोटो सोबत घ्या, १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा.

कवटी असेल तर विषारीपणासाठी वेगळे उद्गारचिन्ह छापत नाहीत. ते दिसले नाही म्हणून किरकोळ धोका नाही असा अर्थ काढू नका.

पायरी ३ : शब्द आणि एच-ओळी वाचा

जीएचएसमध्ये इशाऱ्याचे शब्द दोनच: 'डेंजर' जास्त धोक्याला, 'वॉर्निंग' कमी धोक्याला. खरी माहिती एच या रोमन अक्षराने सुरू होणाऱ्या ओळींत असते. पहिला अंक २ असेल तर आग-स्फोटाचा धोका, ३ असेल तर माणसाला, ४ असेल तर पर्यावरणाला. एच३०० म्हणजे गिळल्यास प्राणघातक, एच३०१ म्हणजे विषारी, एच३०२ म्हणजे अपायकारक. शेवटचा एक अंक बदलला की घातक मात्रेचा हिशोब बदलतो: एच३०० शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत, एच३०१ त्यापुढे ३०० पर्यंत, एच३०२ त्यापुढे २००० पर्यंत. हे आकडे प्राण्यांवरच्या चाचण्यांतले आहेत. त्यावरून माणसाला 'एवढे चालते' असे ठरवायला जाऊ नका.

श्रेणीचा आकडा लेबलवर नसतो. तो एसडीएस म्हणजे सुरक्षा माहितीपत्रकात असतो.

खान्देशात एच२२५ आणि एच२२६ यांच्याकडे विशेष लक्ष हवे. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटण्याइतकी तयार होते, तो त्याचा फ्लॅश पॉइंट. एच२२५ वाल्या द्रवाचा तो २३ अंशांच्या खाली असतो. टोल्युइनचा साधारण ४ अंश, म्हणजे ते थंडीतही पेटायला तयार. एच२२६ वाल्यांचा २३ ते ६० अंश, आणि कागदावर हे कमी धोक्याचे. पण रॉकेलसाठी भारतीय मानकात किमान ३५ अंश मागितले आहेत, आणि रंगाऱ्यांचे टर्पेंटाइन तीस-चाळीसच्या घरात असते. मे महिन्यात भुसावळला पारा ४४-४५ वर जातो, बंद पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त तापते. अशा वेळी एच२२६ वाला माल एच२२५ वाल्यासारखाच वागतो. डिसेंबरात ज्या कॅनशेजारी वेल्डिंग करून काही झाले नाही, त्याच कॅनशेजारी मे महिन्यात भडका उडू शकतो. उन्हाळ्यापुरता असा साठा पत्र्याखालून हलवा, निदान एक्झॉस्ट पंखा ठिणगी न उडवणाऱ्या बनावटीचा बसवा आणि दुपारी माल ओतणे बंद ठेवा.

पी-ओळी म्हणजे काय करायचे ते. २०० ची मालिका खबरदारीची, ३०० ची घडल्यावर करायच्या उपायांची, ४०० ची साठवणीची, ५०० ची विल्हेवाटीची. थिनरवर 'पी२४०' दिसले तर पिंप आणि ज्यात ओतायचे ते धातूचे भांडे तारेने जोडून अर्थिंग द्या. प्लास्टिकच्या बादलीत धार सोडली की स्थिर वीज साचते आणि ठिणगी तिथेच पडते.

पायरी ४ : एसडीएस मागा

१९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार हे पत्रक आणि डब्यावरचे लेबल दोन्ही हवेत. पुरवठादाराने 'नंतर मेल करतो' म्हटले तर माल उतरवण्याआधीच मागून घ्या. पत्रकाचे १६ भाग असतात. सगळे पाठ करायची गरज नाही. भाग २ मध्ये धोक्याचे वर्गीकरण, ४ मध्ये प्रथमोपचार, ५ मध्ये आग कशाने विझवायची, ७ मध्ये साठवण, ८ मध्ये कोणता हातमोजा आणि मास्क, ९ मध्ये फ्लॅश पॉइंट, १० मध्ये कशाजवळ ठेवू नये. भाग ८ मध्ये नुसते 'योग्य हातमोजे वापरा' लिहिले असेल तर पत्रक उरकून टाकलेले आहे. हातमोज्याचे मटेरियल विचारा. पातळ लॅटेक्स मोज्यातून टोल्युइन थोड्याच वेळात आरपार जाते.

पायरी ५ : फवारणीच्या औषधाची खूण

१९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे रंग चार. लाल: कवटी आणि 'पॉयझन', अत्यंत विषारी. पिवळा: 'पॉयझन', कवटी नाही, जास्त विषारी. निळा: 'डेंजर', मध्यम. हिरवा: 'कॉशन', कमी. पोटात गेल्यास घातक ठरणारी मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे लालसाठी १ ते ५० मिलिग्रॅम, पिवळ्यासाठी ५१ ते ५००, निळ्यासाठी ५०१ ते ५०००, हिरव्यासाठी त्यापुढे.

हा रंग फक्त पोटातून आणि कातडीतून होणाऱ्या तात्काळ विषबाधेचा आहे. डोळ्यांची जळजळ, श्वासातून जाणारी फवार, वर्षानुवर्षांचा परिणाम यांबद्दल तो काही सांगत नाही. पिवळ्या खुणेचे पॅराक्वॅट हे तणनाशक कापसात आणि केळीत सर्रास वापरतात. त्याच्या थोड्या घोटाने जीव जातो आणि त्यावर उतारा नाही. तेव्हा 'लाल नाही ना, मग चालते' हा दुकानातला हिशोब सोडून द्या. बाटलीसोबत मराठी माहितीपत्रक येते, त्यात विषबाधेची लक्षणे आणि उतारा दिलेला असतो. ते बाटलीबरोबरच जपा. दवाखान्यात डॉक्टरांना औषधाच्या कंपनीपेक्षा घटकाचे नाव लागते.

पायरी ६ : टँकरवरची पाटी

सुरत-नागपूर रस्त्यावर गुजरातच्या रासायनिक पट्ट्यातला माल सतत वाहतो. टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीची पाटी असते. तिच्यावर चार अंकी यूएन क्रमांक (आत कोणता माल ते सांगणारा), वर्गाचा रंगीत चौकोन, हॅझकेम संकेत (अपघातात काय करायचे ते सांगणारे अंक-अक्षर) आणि फोन नंबर असतात. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, अमोनिया १००५, क्लोरीन १०१७, सल्फ्युरिक ॲसिड १८३०. संकेताचा पहिला अंक अग्निशमन दलासाठी: १ पाण्याचा जाड फवारा, २ बारीक फवारा, ३ फेस, ४ कोरडे साधन. शेवटी ई अक्षर असेल तर आजूबाजूची माणसे हलवायचा विचार करावा लागतो.

कोंडाईबारी घाटात टँकर उलटला तर पाटी लांबूनच वाचा, मोबाइलने झूम करून. जवळ जाऊ नका, वारा आपल्याकडून टँकरकडे वाहील अशा बाजूला उभे राहा. क्लोरीनसारखा जड वायू नाल्यात आणि खोलगट भागात साचतो, म्हणून उंचवट्याकडे सरका. ११२ ला फोन करून सर्वांत आधी यूएन क्रमांक सांगा. कॅन घेऊन पेट्रोल भरायला धावणाऱ्यांना अडवा, भडका उडायला एक चालू दुचाकी पुरते.

पायरी ७ : सुटा माल

मोठ्या पिंपातून पाण्याच्या बाटलीत काढलेले थिनर किंवा ॲसिड, विषबाधेचे हे नेहमीचे कारण. छोट्या डब्यावर किमान पाच गोष्टी लिहा: रसायनाचे नाव, धोक्याचे चित्र, इशाऱ्याचा शब्द, मुख्य एच-ओळ आणि काढल्याची तारीख. खाण्यापिण्याची बाटली वापरूच नका. आपल्या उन्हात छपाई लवकर उडते, म्हणून लेबलवर पारदर्शक टेप लावा आणि माल आल्याच दिवशी फोटो काढून ठेवा. लेबल पुसलेला, आत काय ते माहीत नसलेला कॅन सापडला तर हुंगून ओळखू नका आणि गटारात ओतू नका. 'अज्ञात' लिहून वेगळा ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्या.