वेल्सच्या कोळसाखोऱ्यांत गाडी फिरवताना

साउथ वेल्सची खोरी हाताच्या बोटांसारखी उत्तर-दक्षिण पसरली आहेत. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन गावांमध्ये अख्खा डोंगर असतो, आणि खोऱ्यातून खाली उतरून पुन्हा वर चढण्यात दिवस जातो. म्हणून फेरी वरच्या, म्हणजे उत्तरेच्या टोकाने जोडा:

१. सकाळीच ब्लेनॅव्हन गावातलं बिग पिट, म्हणजे जुनी कोळसाखाण गाठा; आता ते संग्रहालय आहे. ९० मीटर खाली खाणीत उतरण्याआधी मोबाइल, घड्याळ, बॅटरीवालं सगळं काढून द्यावं लागतं. एकेकाळी खाणीतल्या वायूचे ठिणगीने स्फोट होत, म्हणून. खाली सगळ्यांनी दिवे मालवले की स्वतःचा हातही दिसत नाही. हे चुकवू नका.

२. ए४६५ रस्त्याने पश्चिमेला. वाटेत ए४७०ने थोडं दक्षिणेला अबरव्हॅन गाव. १९६६ साली कोळसाखाणीच्या टाकाऊ मालाचा ढिगारा तिथल्या शाळेवर कोसळला आणि त्याने ११६ मुलांसह १४४ जणांचा जीव घेतला. शाळेच्या जागी आता बाग आहे. तिथे शांतपणे बसा, घाई नको.

३. परत ए४६५वर येऊन हिरवाइनहून ए४०६१ने रिगॉसचा घाट ओलांडा, थेट रॉन्दा खोऱ्यात. नॅव्हिगेशनमध्ये हिरवाइन आणि घाटापलीकडचं ट्रेहर्बर्ट हे दोन्ही थांबे आधीच टाका.

जपायचं एवढंच: गावं एकाला एक लागून आहेत आणि वस्तीत वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी २० मैल, म्हणजे ३२ किमी.