हिवाळ्यात डुब्रोव्हनिकला जाताय? या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकच्या जुन्या, तटबंदीतल्या शहरात पिले दरवाजातून आत शिरताना धक्के खावे लागतात. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्चच्या तारखा निवडल्यात, ते छानच केलंत. पण बरेच जण तारखा हिवाळ्यातल्या घेतात आणि बेत मात्र उन्हाळ्यातलाच ठेवतात. गडबड तिथे होते.

सगळ्यात महागात पडते ती व्हिसाची चूक. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे आणि चलनही त्याच दिवसापासून युरो (जुन्या लेखांतला कुना विसरा). इथून कोटोर किंवा मोस्तारची एका दिवसाची सहल जो तो सुचवतो. पण कोटोर माँटेनेग्रोत, मोस्तार बोस्नियात आणि दोन्ही देश शेंगेनबाहेर. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर सकाळी सीमा ओलांडली की संध्याकाळी परत येता येत नाही. बॅगा हॉटेलात आणि तुम्ही नाक्यावर! अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागा, नाहीतर ती सहल सोडा. क्रोएशियातल्याच स्प्लिट शहरातून बसने येणार असाल तरी हेच लक्षात ठेवा. जुलै 2022 मध्ये पेल्येशाट्स पूल झाल्यापासून वाटेत लागणारं बोस्नियातलं नेउम टाळून येता येतं, तरी बस कुठल्या रस्त्याने जाते ते तिकीट काढतानाच विचारा.

मग उजेडाचं गणित. डिसेंबरात सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो आणि तटबंदी तीनच्या आसपास बंद होते. तट 1940 मीटर लांब, काही ठिकाणी 25 मीटर उंच, पायऱ्या भरपूर. 'उशिरा उठू, जेवून मग वर जाऊ' म्हणणाऱ्यांना दार लावलेलंच दिसतं. तट सकाळीच उरका. लोव्ह्रियेनाट्स किल्लाही त्याच तिकिटावर बघता येतो, तेव्हा ते फेकू नका. शिवाय तिकीट काढण्याआधी डुब्रोव्हनिक पासची (तट आणि संग्रहालयं यांच्या एकत्रित तिकिटाची) किंमत विचारा. बऱ्याचदा फरक नगण्य असतो आणि संग्रहालयं पदरात पडतात.

तापमान सगळे बघतात, वारा कोणी बघत नाही. इथे खरी सत्ता वाऱ्याची. 'जुगो' आग्नेयेकडून येतो: दमट, ढगाळ, पाऊस आणि उसळणाऱ्या लाटा घेऊन. 1808 पर्यंत इथे जे प्रजासत्ताक होतं, ते जुगोच्या दिवसांत महत्त्वाचे निर्णय घेत नसे, असं सांगतात; दोन दिवस तो अंगावर घेतला की पटतं. अशा वेळी फोटोसाठी बंदराच्या धक्क्यावर जाऊ नका. 'बुरा' ईशान्येकडून येतो, कोरडा आणि बोचरा. आकाश स्वच्छ, पण स्रज डोंगरावरची केबल कार वाऱ्यामुळे बंद. म्हणून डोंगर शेवटच्या दिवसावर ढकलू नका, पहिला शांत दिवस मिळाला की वर जा. हिवाळ्यात ती दुरुस्तीसाठीही बंद असते, त्यामुळे आधी चौकशी करा.

छत्रीपेक्षा रेनकोट बरा. आणि बूट! स्त्रादून रस्त्याचा चुनखडीचा दगड पावलांनी घासून आरशासारखा झालाय. ओला असताना गुळगुळीत तळव्याच्या बुटांनी चालणं म्हणजे कंबरडं मोडून घेणं.

मुक्काम तटाच्या आतच हवा, हा हट्ट मला हिवाळ्यात पटत नाही. जानेवारीत आतली बरीच हॉटेलं, खानावळी बंद असतात आणि रात्री गल्ल्या ओस पडतात. ती शांतता हवीच असेल तर दगडी घरात हीटिंग कसं आहे ते नीट विचारून घ्या. एरवी तटाबाहेरच्या ग्रुझ किंवा लापाद वस्तीत राहणं बरं. गावातली माणसं तिथेच राहतात आणि ग्रुझला सकाळी भाजी-मासळीचा बाजार असतो.

लोक्रुम बेटाची होडी हिवाळ्यात नसते, स्प्लिटची वेगवान कॅटामरान बोटही नाही. पण ग्रुझहून लोपुड बेटाला जाणारी फेरी वर्षभर चालते. निघण्याआधी परतीची वेळ लिहून घ्या, कारण फेऱ्या मोजक्या असतात. आणि 3 फेब्रुवारीच्या आसपास जाणार असाल तर खोली आधीच ठरवा. त्या दिवशी संत व्लाहोचा उत्सव असतो आणि तेवढ्यापुरतं गाव पुन्हा माणसांनी फुलतं.